न उलटणारी छत्री आणि भिजणारा माणूस : वादळी हवामानासाठी झालेल्या छत्रीच्या पुनर्रचनेची चिकित्सा

सारांश

छत्री ही सर्वपरिचित वस्तू असली तरी जोरदार वाऱ्यात ती निकामी होते, हा दोष दीर्घकाळ निसर्गनियमासारखा स्वीकारला गेला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठातून पुढे आलेल्या असममित छत्रीने या स्वीकृतीला आव्हान दिले. प्रस्तुत लेखात या रचनेचा आणि तिच्या समकालीन अन्य प्रयत्नांचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. छत्री टिकणे आणि माणूस कोरडा व सुरक्षित राहणे या दोन भिन्न कसोट्या असून पुनर्रचनेच्या चर्चेत पहिलीलाच दुसरीचे स्थान दिले गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे. दुरुस्तीसुलभता व वापराचा सामाजिक संदर्भ यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : छत्री, अभिकल्प-समीक्षा, वायुरोध, असममित रचना, दुरुस्ती, इरले

प्रास्ताविक

साहित्यकृतीची किंवा चित्रकृतीची समीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे रुजली आहे. दैनंदिन वापराच्या वस्तूची समीक्षा मात्र क्वचितच होते. वस्तू 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढ्यावर तिचा निवाडा होतो आणि जाहिरातीतील दावा हाच तिचा परिचय ठरतो. वास्तविक प्रत्येक वस्तूच्या घडणीत तिच्या रचनाकाराने गृहीत धरलेला एक माणूस असतो. तो कोठे चालतो, त्याचे किती हात मोकळे आहेत, वस्तू मोडल्यावर तो काय करतो, यांविषयीची काही उत्तरे वस्तूच्या आकारातच दडलेली असतात. ती उत्तरे वाचणे हे अभिकल्प-समीक्षेचे काम होय.

छत्री या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तिचे काम एका वाक्यात सांगता येते आणि तिचे अपयश रस्त्यावर सर्वांसमक्ष घडते. वाऱ्याच्या तीव्रतेची जी ब्यूफोर्ट श्रेणी जगभर वापरली जाते, तिच्यातही छत्रीला स्थान मिळाले आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये समुद्रावरील निरीक्षणासाठी ही श्रेणी योजिली. पुढे तिला जमिनीवरील लक्षणांची जोड मिळाली, तेव्हा सहाव्या पायरीचे, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वाऱ्याचे, एक लक्षण 'छत्री वापरणे कठीण जाते' असे नोंदवले गेले. छत्रीची दुर्बलता इतकी भरवशाची होती, की तिचा उपयोग मोजमापासाठी करता आला. वादळात टिकणारी छत्री घडवणे म्हणजे या श्रेणीतील एक ओळ खोटी ठरवणे होय. हा प्रयत्न कितपत सफल झाला आणि त्या सफलतेचा अर्थ काय, हे येथे तपासायचे आहे.

छत्री का उलटते?

छत्री उलटण्यामागे दोन कारणे एकत्र येतात. पहिले कारण वाऱ्याच्या दाबाचे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एक मीटर व्यासाच्या छत्रीचे तोंड वाऱ्याच्या समोर आले आणि वाऱ्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असला, तर तिच्यावर स्थूलमानाने ११ किलो वजनाइतके बल येते. वेग ताशी १०० किलोमीटर झाला तर हेच बल सुमारे ४४ किलोवर जाते. छत्रीची आतील पोकळ बाजू वाऱ्याला सामोरी आल्यास बाहेरील फुगीर बाजूपेक्षा कितीतरी अधिक वारा अडतो. वायुवेगमापकाच्या वाट्या फिरतात त्या याच फरकामुळे. शिवाय छत्री आडवी धरलेली असतानाही फुगीर पृष्ठावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरच्या बाजूचा दाब घटतो, खालची हवा आत कोंडते आणि कापड वर उचलले जाते.

दुसरे कारण घडणीचे. उथळ घुमटाकार पृष्ठाला दोन स्थिर अवस्था असतात, एक फुगीर आणि दुसरी खोलगट. विशिष्ट मर्यादेपलीकडे बल आले की तो पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत एकदम उडी घेतो. छत्री हळूहळू वाकत जात नाही, ती फटकन उलटते, याचे कारण हेच. उलटण्याच्या क्षणी काड्यांना आधार देणाऱ्या तिरप्या काड्या विरुद्ध दिशेने ओढल्या जातात आणि सांध्यावरचे बारीक रिबीट वाकतात किंवा निखळतात. छत्री परत सरळ करता येते, परंतु तो सांधा पूर्ववत होत नाही.

या विवेचनातून एक गोष्ट सहज निसटते. उलटलेली छत्री वाऱ्याला फार काळ धरून ठेवत नाही. कापड सैल होते, काड्या वाऱ्याच्या दिशेला वळतात आणि धरणाऱ्याच्या मनगटावरचे बल एकदम उतरते. विजेच्या जोडणीत वितळतार जे काम करते, तेच काम अजाणतेपणी छत्रीचे उलटणे करते. छत्री मोडते, माणूस सुटतो. तेव्हा न उलटणारी छत्री घडवणाऱ्याने या सुटकेची पर्यायी व्यवस्था कोणती केली, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

रचनेचा वारसा

आधुनिक छत्रीचा सांगाडा मूलतः एकोणिसाव्या शतकातील आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या रस्त्यांवर जोनास हॅनवे यांनी नित्यनेमाने छत्री वापरून पुरुषांमध्ये तिचा प्रसार केला, असे सांगितले जाते. त्या काळच्या छत्र्या जड होत्या. इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज येथील सॅम्युअल फॉक्स यांनी १८५२ मध्ये पन्हळीसारखा छेद असलेल्या पोलादी काड्यांचा सांगाडा सिद्ध केला. 'पॅरागॉन' नावाने तो प्रसिद्ध झाला. तारेइतका हलका आणि तरीही ताठ राहणारा हा सांगाडा छत्रीच्या इतिहासातील निर्णायक टप्पा ठरला.

दुसरा टप्पा १९२८ चा. जर्मनीतील हान्स हाउप्ट यांनी घडी होऊन लहान होणारी छत्री सिद्ध केली आणि छत्री पिशवीत मावू लागली. मात्र या सोयीची किंमत वाऱ्याच्या खात्यात मोजावी लागली. सलग काडीच्या जागी दोन किंवा तीन तुकड्यांची काडी आली, आणि आठ काड्यांच्या छत्रीतील सांध्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. प्रत्येक सांधा हा नवा कमकुवत बिंदू होता. छत्री वादळात टिकत नाही या तक्रारीचा मोठा भाग मुळात छत्री पिशवीत मावली पाहिजे या मागणीतून जन्मला आहे. पुनर्रचनेचे श्रेय मोजताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते, कारण जाहिरातीत वाऱ्याला खलनायक ठरवले जाते आणि घडीला कोणी दोष देत नाही.

पुनर्रचनेचे तीन मार्ग

वादळासाठी छत्री बदलण्याचे प्रयत्न मुख्यतः तीन दिशांनी झाले.

पहिला मार्ग वाऱ्याला वाट देण्याचा. कापडाचे दोन थर एकमेकांवर पडतील असे ठेवून मध्ये झरोका ठेवायचा, म्हणजे आत कोंडलेली हवा वरच्या थराखालून निसटते आणि पावसाचे पाणी मात्र खालच्या थरावरून ओघळते. अमेरिकेतील 'गस्टबस्टर' ही छत्री या मार्गाचे ठळक उदाहरण होय. गोल्फच्या मैदानावरील मोठ्या छत्र्यांतही हीच युक्ती दिसते. ही रचना मूळ आकाराला धक्का लावत नाही, हे तिचे बलस्थान. परंतु झरोका उपयोगी पडतो तो वारा आतून बाहेर जात असताना. समोरून फुगीर पृष्ठावर येणाऱ्या वाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा मार्ग ताणाचा. न्यूझीलंडमधील ग्रेग ब्रेबनर यांनी घडवलेल्या 'ब्लंट' छत्रीत काड्यांची टोके अणकुचीदार न ठेवता गोलाकार व रुंद केली आहेत. लंडनच्या गर्दीत छत्र्यांची टोके डोळ्यांच्या उंचीवर येतात, या त्रासातून त्यांना ही कल्पना सुचली. रुंद टोकांमुळे ताण कापडाच्या कडेपर्यंत पोहोचतो, आणि कापड ढोलकीच्या पानासारखे ताठ राहते. फडफडणारे कापड हेच उलटण्याचे पहिले पाऊल असल्याने ताणलेले कापड अधिक काळ तग धरते. इतरांच्या डोळ्यांची काळजी घेण्यातून वाऱ्यावरचा उपाय हाती आला, ही बाब अभिकल्पाच्या अभ्यासकांनी नोंद घेण्यासारखी आहे.

तिसरा मार्ग आकारच बदलण्याचा. तो डेल्फ्टचा मार्ग होय.

छत्रीच छत्री न ठेवण्याचे प्रयत्नही झाले. २०१४ मध्ये हवेच्या झोताने पावसाचे थेंब दूर सारणाऱ्या विनाकापडाच्या छत्रीसाठी इंटरनेटवरून लोकवर्गणीने एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. ती कल्पना लोकांच्या नित्य वापरापर्यंत पोहोचली नाही. मोठे थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने खाली येतात. ते सर्व बाजूंनी वळवण्यास लागणारी ऊर्जा हातातील विजेरीत साठवणे सोपे नाही. नावीन्याचे आकर्षण प्राथमिक हिशेबावर कशी मात करते, याचा हा नमुना होय.

डेल्फ्टची छत्री : गुणदर्शन

२००५ मध्ये डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण घेणारे गेरविन होगेनडोर्न यांनी पारंपरिक छत्रीच्या एका गृहीतकावर बोट ठेवले. छत्री गोलच का असावी, आणि दांडा मध्यभागीच का असावा? त्यांनी दांडा पुढच्या बाजूस सरकवला. पुढची बाजू आखूड आणि मागची लांब झाली. बाजूने पाहता हा आकार रडारला चकवणाऱ्या लढाऊ विमानाची आठवण करून देतो. 'सेन्झ' या नावाने ही छत्री बाजारात आली, तिला अभिकल्पक्षेत्रातील अनेक पुरस्कार मिळाले, आणि ताशी १०० किलोमीटर वाऱ्यात ती टिकते असा दावा केला गेला.

या रचनेतील कल्पकता मान्य केली पाहिजे. देवळाच्या किंवा वेधशाळेच्या माथ्यावरचा वातकुक्कुट वाऱ्याच्या दिशेला तोंड करून स्थिर राहतो, कारण त्याची शेपटी आसापासून दूर असते. सेन्झची लांब मागची बाजू हेच काम करते. मूठ सैल धरल्यास छत्री स्वतःच आखूड बाजू वाऱ्याकडे वळवते. वारा तिच्या उतरत्या पृष्ठावरून सरकून जातो, आत कोंडत नाही. आखूड पुढच्या बाजूमुळे चालणाऱ्याला समोरचे दिसते, लांब मागच्या बाजूमुळे पाठीवरची पिशवी झाकली जाते. काड्यांच्या टोकांना संरक्षक टोप्याही दिलेल्या आहेत. बलाला बलाने उत्तर देण्याऐवजी आकाराने उत्तर देणे ही प्रगल्भ रचनेची खूण होय, आणि वर्षानुवर्षे पाहून पाहून अदृश्य झालेल्या गोलाकाराकडे नव्याने पाहण्याचे श्रेय निःसंशय या रचनेचे आहे.

तरीही पुरस्कारांमुळे समीक्षेचे काम संपत नाही. पुढील तीन मुद्द्यांवर ही रचना आणि तिच्याभोवतीची प्रशंसा तपासणे आवश्यक ठरते.

वारा आणि पाऊस यांची एकच दिशा

पहिला मुद्दा भौतिक स्वरूपाचा असून तो सर्वांत मूलभूत आहे. शांत हवेत पाऊस वरून पडतो. वाऱ्यात तो वाऱ्याबरोबर येतो. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब साधारण सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर असेल, तर हा थेंब उभ्या रेषेशी जवळजवळ ६५ अंशांचा कोन करून तिरपा येतो. अशा पावसात छत्री आडवी धरली आणि तिची कड शरीरापुढे ४५ सेंटिमीटर आली, तर त्या कडेच्या पातळीखाली जेमतेम वीतभर भाग कोरडा राहतो. म्हणजे डोके वाचते, छातीपासून पावलांपर्यंत माणूस भिजतो. पुढची बाजू आखूड करून ३० सेंटिमीटरवर आणली, तर हे संरक्षण आणखी एक-तृतीयांशाने घटते.

कोरडे राहायचे तर छत्री पुढे कलती करून पावसाच्या, अर्थात वाऱ्याच्या, समोर धरावी लागते. तसे केले की तिच्या पृष्ठावर वाऱ्याचा मारा थेट येतो आणि उतरत्या आकाराचा लाभ कमी होत जातो. म्हणजेच वाऱ्यात स्थिर राहण्यासाठी छत्रीने वाऱ्याला कड दाखवली पाहिजे आणि माणसाला कोरडे ठेवण्यासाठी तोंड दाखवले पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात आहेत. हा विरोध कोणत्याही एका रचनाकाराची चूक नव्हे. तो छत्री या कल्पनेतच आहे. परंतु चांगल्या रचनेने तो उघड करायला हवा होता. 'छत्री टिकली' या वाक्यात तो झाकला गेला. वातबोगद्यातील कसोटी छत्रीची असते, तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे कपडे किती भिजले हे ती कसोटी विचारत नाही.

शंभर किलोमीटरचा अर्थ

दुसरा मुद्दा दाव्याच्या आकड्याचा आहे. ब्यूफोर्ट श्रेणीत ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वाऱ्यात, म्हणजे आठव्या पायरीवर, झाडांच्या डहाळ्या मोडतात आणि वाऱ्याविरुद्ध चालणे कष्टाचे होते. ताशी ८९ ते १०२ किलोमीटर ही दहावी पायरी, तिच्यात झाडे उन्मळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला या वेगाचा अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली होती. घरांवरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवशी घराबाहेर छत्री उघडण्याचा विचार कोणी शहाणा माणूस केला नसता, आणि प्रशासनाचे आवाहनही घराबाहेर न पडण्याचेच होते.

तेव्हा शंभर हा आकडा वापराची मर्यादा सांगत नाही, तो पराक्रम सांगतो. छत्री नेहमी निकामी होते ती सहाव्या आणि सातव्या पायरीवर, ताशी ४० ते ६० किलोमीटरच्या झोतांत, जेव्हा माणसाला कामावर जावेच लागते. या टप्प्यात डेल्फ्टची रचना उपयुक्त ठरते यात शंका नाही, आणि तिची खरी कामगिरी तीच आहे. परंतु प्रसिद्धी मिळाली ती दहाव्या पायरीच्या दाव्याला.

शिवाय वातबोगद्यातील वारा एका दिशेचा व अखंड असतो. शहरातील वारा तसा नसतो. उंच इमारतींच्या कोपऱ्यांवर, उड्डाणपुलाखाली, रेल्वेफलाटाच्या टोकाला तो क्षणात दिशा बदलतो, खालून वर येतो, भिंतीवर आपटून परततो. वातकुक्कुटालाही वळायला अवधी लागतो. लांब मागची बाजू वळता वळता मागून वारा आला, तर तोच मोठा पृष्ठभाग शिडासारखा वारा भरून घेतो. त्यातच छत्रीने मोकळेपणी फिरावे, यासाठी आजूबाजूला जागा लागते. गर्दीच्या जिन्यावर वाऱ्याप्रमाणे फिरणारी छत्री शेजाऱ्याच्या तोंडावर फिरते. या रचनेने गृहीत धरलेला माणूस रुंद पदपथावर एकटा चालणारा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती छत्री उघडून धरते, हे दृश्य अपरिचित नाही. दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि समोरचा वारा ताशी २० किलोमीटर धरला, तर छत्रीला प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटरचा वारा लागतो. तिचे तोंड वाऱ्यासमोर आल्यास सुमारे १६ किलो वजनाइतके बल मागे बसलेल्या व्यक्तीला मागे खेचते. साधी छत्री अशा वेळी उलटते आणि निदान ओढ कमी होते. न उलटणारी छत्री ओढ कायम ठेवते. केरळच्या परिवहन विभागाने २०२१ मध्ये दुचाकीवर छत्री वापरण्यास मनाई केली, ती अशाच धोक्यामुळे. छत्रीच्या बळकटीचा दावा करताना हातातून सुटण्याची किंवा ठरावीक बलानंतर मिटण्याची व्यवस्था तिच्यात आहे का, हे सांगितले गेले पाहिजे. फायबरग्लासच्या लवचीक काड्या या बाबतीत अधिक शहाण्या म्हणाव्या लागतील. त्या उलटतात, बल उतरू देतात आणि पुन्हा पूर्वस्थितीला येतात. न मोडता हार मानण्याचा गुण वादळासाठी कणखरपणाइतकाच मोलाचा आहे.

मोडल्यानंतरची छत्री

तिसरा मुद्दा मोडल्यानंतरचा. पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत पदपथावर छत्री दुरुस्त करणारे कारागीर बसतात. त्यांच्याजवळ जुन्या छत्र्यांच्या काड्यांचा गठ्ठा, तार, पक्कड आणि सुईदोरा एवढे साहित्य असते. हा व्यवसाय चालू शकतो याचे एक कारण छत्रीच्या भूमितीत आहे. गोल छत्रीच्या आठही काड्या सारख्या असतात, त्यामुळे एका टाकून दिलेल्या छत्रीतून दुसऱ्या सात-आठ छत्र्यांची डागडुजी होते. सममिती ही येथे सौंदर्याची बाब नसून सुट्या भागांची सोय आहे.

असममित छत्रीत ही सोय राहत नाही. पुढची, बाजूची आणि मागची काडी यांची लांबी व वाक निरनिराळा असतो. मागची काडी मोडली तर मागचीच काडी हवी. ती पदपथावरील गठ्ठ्यात सापडत नाही. म्हणजे दुरुस्तीचा अधिकार कारागिराकडून उत्पादकाकडे जातो. उत्पादक सुटे भाग पुरवत असेल तोवर ठीक, अन्यथा वादळातून वाचलेली महाग छत्री बसच्या दारात सापडून मोडलेल्या एका काडीमुळे कचऱ्यात जाते. स्वस्त घडीच्या छत्र्या एका पावसाळ्यात टाकून देण्याची जी सवय जगभर लागली आहे, तिच्यावर टिकाऊ छत्री हा उतारा आहे, असा युक्तिवाद पुनर्रचनेच्या बाजूने केला जातो. तो योग्य आहे. परंतु टिकाऊपणात न मोडणे आणि दुरुस्त होणे या दोन्ही गोष्टी येतात. नव्या रचनेने पहिलीवर भर देताना दुसरी गमावली. ब्लंटसारखी सममित रचना या कसोटीवर सरस ठरते, कारण तिच्यात काड्यांचे एकसारखेपण अबाधित आहे.

इरल्याचा दाखला

असममित आवरण ही कल्पना मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. कोकणात, मावळात आणि सह्याद्रीच्या अन्य भातपट्ट्यांत लावणीच्या वेळी वापरले जाणारे इरले हे असममितच असते. बांबूच्या कांबट्यांच्या जाळीत पाने बसवून, अलीकडे प्लास्टिकचा कागद घालून, ते तयार होते. पुढे डोक्यापुरते आखूड आणि मागे कमरेपर्यंत लांब. ओणवे होऊन रोप लावणाऱ्या शेतकरी स्त्रीची पाठ हेच पावसाचे मुख्य लक्ष्य असल्याने आवरणही पाठीचेच. दोन्ही हात मोकळे राहतात. इरले अंगालगत असल्यामुळे त्याखाली हवा कोंडायला फारशी जागा नसते, आणि वाऱ्याचे बल मनगटावर न येता सबंध पाठीवर विभागले जाते. अमेरिकेत हात मोकळे ठेवणारी, खांद्यावर बसणारी 'नुब्रेला' नावाची छत्री निघाली, तेव्हा नावीन्य म्हणून तिचे कौतुक झाले. तो विचार शेताच्या बांधावर आधीच रुजलेला होता.

अर्थात इरल्याचा गौरव करून छत्रीला मोडीत काढणे हा भाबडेपणा ठरेल. इरले बोजड असते, मिटत नाही, लोकलच्या डब्यात नेता येत नाही, आणि ताठ चालणाऱ्या माणसाला ते गैरसोयीचे असते. त्याचा दाखला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. इरल्याच्या आकाराचे कारण विचारले तर उत्तर कामात सापडते. ओणवी पाठ, चिखलात गुंतलेले हात, दिवसभराचा पाऊस. डेल्फ्टच्या छत्रीच्या आकाराचे कारण विचारले तर उत्तर वाऱ्यात सापडते. दोन्ही असममित असली तरी एकीचे माप माणसाच्या अंगावरून घेतले आहे आणि दुसरीचे हवेच्या प्रवाहावरून. पुनर्रचनेची पुढची दिशा या दोन मापांचा मेळ घालण्यात आहे.

निष्कर्ष

वादळी हवामानासाठी झालेल्या छत्रीच्या पुनर्रचनेने एक जुनी हतबलता दूर केली, हे तिचे ऐतिहासिक श्रेय होय. गोलाकाराची अपरिहार्यता तिने मोडली, बळाऐवजी आकाराने वाऱ्याला तोंड देता येते हे दाखवले आणि मध्यम वेगाच्या झोतांत टिकणारी वस्तू लोकांच्या हाती दिली. मात्र तिच्या मूल्यमापनात छत्रीचे टिकणे हा एकच निकष मानला गेला. प्रस्तुत विवेचनावरून अशा रचनेच्या समीक्षेसाठी चार प्रश्न निश्चित करता येतात. वाऱ्यात तिरप्या येणाऱ्या पावसात माणूस किती कोरडा राहतो? अतिरिक्त बल आल्यास धरणाऱ्याची सुटका कशी होते? गर्दीत शेजारच्याला तिचा उपद्रव किती? आणि मोडल्यावर ती कोणाच्या हातून दुरुस्त होते?

या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी छत्री कदाचित संभवत नाही, कारण पावसापासून वाचवणारे पृष्ठच वारा अडवते हा विरोध रचनेने सौम्य होतो, नाहीसा होत नाही. तसे असेल तर प्रामाणिक रचनेचे कर्तव्य आपली मर्यादा वापरणाऱ्याला सांगणे हे ठरते. जुनी छत्री उलटून ती मर्यादा आपोआप सांगत असे. सहाव्या पायरीचा वारा सुटला की ती माणसाला आडोसा शोधायला लावी. नव्या छत्रीने तो इशारा बंद केला आहे. त्याच्या जागी दुसरा इशारा देण्याची जबाबदारी तिच्या रचनाकारांवर येते, आणि ती पार पडली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी समीक्षेवर.